आधी क्लास वन मेडिकल, मग जमिनीचा विचार

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. बारावी विज्ञान ७४ टक्के, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही होते. सध्या कराडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकते. तिला पायलट व्हायचं आहे आणि गेली दोन वर्षं ती यावर ठाम आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला सात वर्षं उरली आहेत. ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून ३० लाखांपर्यंत जमवता येतील. राहतं घर आहे, अडीच एकर बागायत आहे. पुण्यात एका संस्थेच्या सेमिनारला गेलो होतो. ‘१८ महिन्यांत लायसन्स, नोकरीची हमी’ असं सांगितलं आणि महिनाअखेरपर्यंत दोन लाख भरून जागा पक्की करा म्हणाले. मुलीला उणे अडीचचा चष्मा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. जमीन विकून हे करावं का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार सर. दोन लाख भरू नका आणि जमिनीचा विषय सध्या घरात काढूही नका. मुलीला मात्र ‘नाही’ म्हणू नका. तिची पात्रता आहे, वय योग्य आहे आणि दोन वर्षं टिकलेली इच्छा ही हौस नसते. या शिक्षणाचे चार टप्पे आहेत : वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष उड्डाण आणि शेवटी एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता. पहिल्या टप्प्याला काही हजार लागतात, दुसऱ्याला दोन-तीन लाख, तिसऱ्याला पन्नास-साठ लाख आणि चौथ्याला पुन्हा पंधरा-वीस लाख. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी थांबता येतं, बाकीचे पैसे हातात राहतात. सेमिनारवाले तुम्हाला थेट तिसऱ्या टप्प्याचे पैसे आधी भरायला सांगतात आणि घरं अडचणीत येतात ती इथेच.

पहिलं काम मेडिकल. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत दोन तपासण्या आहेत. क्लास टू ही डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे होते, पुण्या-मुंबईत असे डॉक्टर आहेत. विद्यार्थी म्हणून उड्डाण सुरू करायला एवढी पुरते. पण व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीपीएल, क्लास वनशिवाय मिळत नाही. ही पहिली क्लास वन तपासणी दिल्लीच्या हवाई दल वैद्यकीय केंद्रात, बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या अशाच मोजक्या ठिकाणी होते. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अनेक संस्था ‘आधी उड्डाण सुरू करा, क्लास वन होईल नंतर’ असं सांगतात. हे अजिबात मान्य करू नका. क्लास टू मिळालेला, निम्मं उड्डाण झालेला आणि मग क्लास वनला अपात्र ठरलेला विद्यार्थी पैसे परत मागायला गेला, तर करारात त्याची सोय नसते.

उणे अडीचच्या चष्म्याने घाबरू नका. चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर चष्मा चालतो. लायसन्सवर तशी नोंद होते आणि उड्डाणात चष्म्याचा दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची, ते डॉक्टरांना विचारा. लेसर शस्त्रक्रियेची घाई करू नका. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जावा लागतो, तिची कागदपत्रं मागतात, आणि तिच्या बाबतीत मुळात ती गरजच नाही. खरी कसोटी रंग ओळखण्याची असते. ठिपक्यांच्या चित्रांतून आकडा वाचायची इशिहारा चाचणी कराडच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे आजच करून घेता येईल. तुम्हाला स्वतःला रंगांधळेपणा असेल तर ही चाचणी सगळ्यात आधी करा.

याशिवाय ईसीजी, छातीचा एक्स-रे, ऐकण्याची तपासणी, रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, रक्तदाब आणि वजन पाहतात. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी निघाल्याने ‘तात्पुरती अपात्र’ असा शेरा बसण्याचं प्रमाण बरंच आहे. दोन-तीन महिने आधी तपासून उपचार केले तर हे टळतं. कानात मळ, पडद्याला जुनं छिद्र, वाढलेलं वजन या गोष्टीही आधी कळल्या तर सुधारता येतात. ‘तात्पुरती अपात्र’ म्हणजे दार बंद झालं असं नाही, उपचार करून पुन्हा तपासणी होते. जुना आजार, फिट येणं, मानसिक आजारावरची औषधं, मोठी शस्त्रक्रिया असं काही असेल तर ते लपवू नका. लपवलेलं पुढे कधीही उघड झालं तर लायसन्स जातं. दोन्ही तपासण्यांचा खर्च प्रवासासकट साधारण ३० ते ५० हजारांत बसतो. तुमच्या ३० लाखांपैकी सध्या एवढेच बाहेर पडू द्या.

मेडिकलच्या तारखेची वाट पाहताना कागदपत्रं सरळ करून घ्या. डीजीसीएच्या परीक्षेला बसायला संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीची पडताळणी होते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर नाव-आडनाव वेगळ्या रकान्यांत जातं, आधारवर कधी वडिलांचं नाव असतं तर कधी नसतं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. चारही कागद शेजारी ठेवून तपासा आणि दुरुस्ती असेल तर ती आताच करा. बोर्डाकडून बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी मिळवायलाही वेळ जातो.

क्लास वन हाती आल्यावर लेखी परीक्षा. एअर रेग्युलेशन्स (नियम), एअर नेव्हिगेशन (मार्ग काढणं), एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी (हवामान), टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण तांत्रिक माहिती) आणि ज्या विमानावर उड्डाण होणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात ७० टक्के लागतात. प्रश्न बहुपर्यायी असतात. नियमित परीक्षा वर्षातून चार वेळा होतात, शिवाय मागणीनुसार ऑनलाइन परीक्षेचीही सोय आहे. पुण्या-मुंबईत ग्राउंड क्लासची, म्हणजे या लेखी विषयांच्या शिकवणीची, फी साधारण दोन ते तीन लाख असते. नेव्हिगेशनला मुलं सगळ्यात जास्त अडकतात. वाऱ्याचा त्रिकोण, वेळ-अंतर-इंधनाचं गणित, नकाशावरचे कोन हे सगळं दिलेल्या वेळात हातावेगळं करावं लागतं. बारावीचं गणित ज्याने समजून केलं आहे त्याला ते जमतं, पाठ करणाऱ्याला जमत नाही.

यातले निदान चार पेपर उड्डाण सुरू होण्याआधी सुटलेले असावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. पेपर राहिलेला विद्यार्थी फ्लाइंग स्कूलच्या गावी राहून अभ्यास करतो, राहण्याचा खर्च चालू राहतो, उड्डाणाचं वेळापत्रक हुकतं, आणि दोन्हीकडे ओढाताण होऊन दोन्ही लांबतात. दुसरा फायदा तुमच्यासाठी मोठा आहे. मेडिकल आणि लेखी परीक्षा झाल्यावर तीन-साडेतीन लाखांत तुम्हाला कळेल की मुलगी या अभ्यासाला टिकते की नाही. कॉलेजही तोपर्यंत सोडायची गरज नाही.

आता मराठी माध्यमाचा मुद्दा. विमान आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं इंग्रजीत चालतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार इंग्रजीची किमान चौथी पातळी लायसन्सला आवश्यक आहे. ही पातळी साहित्यिक इंग्रजीची नसते. उच्चार समजण्यासारखे हवेत, ऐकलेलं लगेच कळायला हवं, आणि अनपेक्षित प्रसंग आला तर साध्या वाक्यांत सांगता यायला हवा. रेडिओ टेलिफोनीची आरटीआर ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएच्या अखत्यारीत आणली. तिच्या तोंडी भागात पुष्कळ मुलं पहिल्या प्रयत्नात राहतात. कारण व्याकरणाचं नसतं. समोरून आलेल्या सूचना एकदाच ऐकून, त्यातले आकडे न चुकता, ठरलेल्या शब्दांत परत म्हणायच्या असतात. रोज अर्धा तास मोठ्याने सराव केला तर वर्षभरात मराठी माध्यमाची मुलगी यात कुणाच्याही मागे राहत नाही. हा सराव आजपासून सुरू करता येईल, त्याला एक रुपयाही लागत नाही.

उड्डाणाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण जास्तीत जास्त पैसा इथे जातो. सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, हवेत आणि त्यांतले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण, त्यात ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरणं. १० तास उपकरणांवरचं, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणं वाचून केलेलं उड्डाण, त्यातले जास्तीत जास्त पाच सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये. रात्रीचे पाच तास, त्यात दहा उड्डाणं आणि दहा अवतरणं. बहुतेक ठिकाणी साधारण १८५ तास एक इंजिनच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर होतात. मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडण्याची मान्यता) ही दोन्ही रेटिंग सोबतच करून घ्यावीत, त्याशिवाय एअरलाइन दारात उभं करत नाही.

‘१८ महिन्यांत’ हे शक्य आहे का? शक्य आहे, पण ते त्या संस्थेकडे चालू अवस्थेत किती विमानं आहेत यावर ठरतं. तुम्ही स्वतः करू शकाल असा हिशेब सांगतो. एक प्रशिक्षण विमान नीट चाललं तर महिन्याला ६० तास, म्हणजे वर्षाला ७०० तासांच्या आसपास उडतं. एका विद्यार्थ्याला १८५ तास लागतात. म्हणजे एका विमानामागे वर्षाला चारपेक्षा कमी विद्यार्थी पुरे होतात. दहा विमानं असतील तर ३८. त्याच संस्थेत शंभर-सव्वाशे विद्यार्थी घेतलेले असतील, तर रांग तीन वर्षांची आहे, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. संस्थेच्या यादीतली विमानं आणि उडण्याच्या स्थितीतली विमानं यांतही फरक असतो. सुटा भाग यायचा आहे, इंजिनाचे तास भरले आहेत, अपघातानंतर चौकशी चालू आहे अशा कारणांनी यादीतली दोन-तीन विमानं उभीच असतात.

म्हणून फ्लाइंग स्कूल प्रत्यक्ष बघायला जा. कार्यालयात बसून बोलू नका. कामाच्या दिवशी सकाळी सातला पोचा आणि दुपारपर्यंत किती विमानं उडाली ते मोजा. तिथल्या पाच विद्यार्थ्यांना भेटा आणि दोनच प्रश्न विचारा : कधी आलास, आज तास किती झाले? महिन्याला १५ ते १८ तास होत असतील तर वर्ष-सव्वा वर्षात काम होतं. महिन्याला सहा तास होत असतील तर २०० तासांना ३३ महिने लागतील, हे साधं भागाकाराचं गणित आहे. प्रशिक्षक किती, गेल्या वर्षात किती सोडून गेले, दोन इंजिनांचं विमान संस्थेचं स्वतःचं आहे की त्यासाठी दुसरीकडे पाठवतात, हेही विचारा. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. १८५ तास पुरे करून दोन इंजिनांच्या विमानासाठी पाच-सहा महिने बसून राहिलेल्या विद्यार्थ्याची ‘शेवटच्या सहा महिन्यांतले १५ तास’ ही अट मोडते आणि तेच तास पुन्हा पदरच्या पैशाने उडावे लागतात.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर इथे प्रशिक्षण चालतं. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने २०२४ मध्ये मोठी संस्था जाहीर केली. राज्याबाहेर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि कल चाचणी असते आणि तुमच्या मुलीने ती जरूर द्यावी. तिचा एक उपयोग असा, की यात निवड होते की नाही यावरून मुलीच्या तयारीचा अंदाज तिऱ्हाइताकडून मिळतो. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन्ही श्रेणी रिकाम्या राहिल्या, यावरून एकूण स्थिती लक्षात येईल. यादी वर्षातून दोनदा निघते, ताजी पाहा. त्या संस्थेच्या विमानांना झालेल्या अपघातांचे चौकशी अहवाल विमान अपघात तपास विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात, तेही वाचा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसामुळे उड्डाणं निम्म्याहून कमी होतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीचं धुकं तेच करतं. महाराष्ट्रात शिकायचं तर ऑक्टोबरात उड्डाण सुरू होईल असा बेत आखा, म्हणजे मेपर्यंत सलग आठ महिने मिळतात. पहिला सोलो, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीने केलेलं उड्डाण, साधारण १५ ते २५ तासांत होतो. तो सलग उड्डाणात झाला तर हात बसतो, मध्ये महिनाभर खंड पडला तर आधीचे चार-पाच तास वाया गेल्यासारखे पुन्हा करावे लागतात. वाढीव तासांचा दर काय, हे फी ठरवतानाच लिहून घ्या. दहा-पंधरा तास जादा लागतील असं धरूनच चला.

करारात तीन गोष्टी हव्यात : फी तासांच्या प्रगतीनुसार हप्त्यांत, सोडून गेल्यास न उडलेल्या तासांचा परतावा, आणि ठरलेल्या महिन्यांत तास न झाल्यास संस्था काय करणार. एकरकमी भरलेली फी परत मिळवणं म्हणजे कोर्टाची पायरी. डीजीसीए-मान्य फ्लाइंग स्कूलच्या मान्य अभ्यासक्रमावर जीएसटी लागू नाही, असं जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ५० लाखांवर १८ टक्के म्हणजे नऊ लाख होतात, त्यामुळे कोटेशनमध्ये हा आकडा दिसला तर लेखी खुलासा मागा. आणखी एक : कोणी ‘तास मॅनेज करून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. २०११ मध्ये खोटी कागदपत्रं आणि खोट्या तासांची प्रकरणं उघड झाली तेव्हा अटका झाल्या होत्या आणि लायसन्स गेली होती. त्याहून मोठं म्हणजे न उडलेले तास प्रवाशांच्या जिवावर येतात.

परदेशी प्रशिक्षण, म्हणजे अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंड, यात हवामान आणि विमानांची संख्या यामुळे वेळ वाचतो. पण परत आल्यावर भारतीय लायसन्समध्ये रूपांतर करावं लागतं. त्यासाठी इथल्या लेखी परीक्षा आणि इथल्या विमानावर दिवस-रात्रीच्या चाचण्या द्याव्या लागतात. डीजीसीएला हवे असलेले तास, विशेषतः रात्रीची दहा अवतरणं आणि ३०० मैलांचं उड्डाण, तिथेच त्याच नमुन्यात करून घेतले नाहीत तर इथे पुन्हा पैसे मोजावे लागतात.

एअरलाइनच्या कॅडेट योजनेबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ती कोणीतरी सुचवेलच. त्यात आधी निवड होते, मग ठरवलेल्या संस्थेत प्रशिक्षण, टाइप रेटिंग आणि नंतर त्याच कंपनीत नोकरी. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. नोकरीचं पत्र सशर्त असतं. ‘कंपनीच्या गरजेनुसार’ हे शब्द त्यात असतात आणि ते कामाला येतात मंदीच्या काळात. तुमच्या आर्थिक स्थितीत हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

आता तुमच्या पैशांचा हिशेब. भारतात सीपीएल ५५ लाख धरा. ग्राउंड क्लास, परीक्षा, मेडिकल चार लाख. दोन वर्षांचं राहणं-खाणं तीन-चार लाख. एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग १५ ते २० लाख. लायसन्स मिळाल्यापासून नोकरी लागेपर्यंतच्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं आणि एअरलाइनच्या परीक्षांची तयारी चालू ठेवावी लागते, त्याला दोन-तीन लाख. बेरीज ८० ते ८५ लाख होते. सेमिनारमध्ये तुम्हाला फक्त पहिला आकडा सांगितला असेल.

तुमच्याकडे ३० आहेत, म्हणजे ५० लाखांचं कर्ज. ११ टक्के दराने, दहा वर्षांच्या मुदतीत ५० लाखांचा हप्ता सुमारे ६८,९०० रुपये येतो. पण शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता भरला नाही, तर कर्ज शिक्षणाच्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने उचललं तरी त्या काळातलं व्याज धरून मुद्दल ६१ लाखांच्या घरात जातं आणि हप्ता ८४ हजार होतो. पहिला हप्ता तीन वर्षांनी. त्यानंतर तुमची नोकरी चार वर्षं उरते, हप्ते दहा वर्षं. शेवटची सहा वर्षं तुम्ही निवृत्तिवेतनावर असाल. मुलीला नोकरी लागली तर हप्ता जड नाही, कारण फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, पगार स्थिरावल्यावर ढोबळमानाने महिन्याला दीड ते तीन लाखांच्या दरम्यान असतो, कॅप्टनचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. नोकरी दोन वर्षं लांबली तर काय, याचं उत्तर घरात आधी तयार हवं.

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, कारण थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे तारण घरच राहील. राहतं घर आणि जमीन या दोन्हींपैकी एकच धोक्यात घाला, दोन्ही कधीही नको. जमीन विकायची वेळ आली तर ती टाइप रेटिंगच्या वेळी, एअरलाइनचं निवडपत्र हातात असताना थोडी विका. आधी रिकाम्या हाताने विकलेली बागायत पुन्हा घेता येत नाही. तुम्ही इतर मागास वर्ग, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात मोडत असाल तर राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेकडे चौकशी करा. या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे, जाहिरात निघते तेव्हा मुदत थोडी असते.

‘नोकरीची हमी’ कोणतीही फ्लाइंग संस्था देऊ शकत नाही, कारण नोकरी एअरलाइन देते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्याच्या बातम्या सेमिनारमध्ये दाखवतात. ती मागणी खरी आहे. पण विमानं अनेक वर्षांत येतात, आणि कमतरता असते ती अनुभवी कॅप्टनची. नवं लायसन्स घेतलेल्यांची रांग वेगळी आहे. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, आणि २०२० मध्ये कोविडने सगळंच थांबवलं. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि नव्यांची भरती मागे पडली. तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत असा काळ दोन-तीनदा येणार असं धरून चला. त्यासाठी पदवी हवी. सीपीएलला पदवी लागत नाही, तरी मुलीने बी.एस्सी. सोडू नये. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी झाली तर विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रक पदाच्या परीक्षेला बसता येतं. ती विमानक्षेत्रातलीच, चांगल्या पगाराची आणि मानाची सरकारी नोकरी आहे, आणि तिला ८० लाख लागत नाहीत. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे दृष्टीचे निकष फार कडक आहेत, उणे अडीचला तो मार्ग धरून चालू नये.

हे मुलीसाठी. पायलट झाल्यावरही परीक्षा संपत नाहीत. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होते, मेडिकल पुन्हा पुन्हा होतं, आणि कोणत्याही एकात अडकलीस तर उड्डाण थांबतं. पहाटे तीनला गाडी येते, दिवाळी-गणपती ड्युटीत जातात. नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आहे, कारण थकवा ही या कामातली खरी जोखीम आहे. तो लपवायचा नसतो, सांगायचा असतो. मुलगी म्हणून मागे राहशील अशी शंका घरात कोणी काढली तर सांग, भारतात महिला पायलटांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स, लागतं, त्याला किमान १,५०० तास. चार-सहा वर्षं उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर बसून शिकायची तयारी असेल तरच यात ये.

सर, त्या संस्थेला फोन करू नका, ई-मेल करा. त्यात विचारा : उड्डाण कोणत्या डीजीसीए-मान्य फ्लाइंग स्कूलमध्ये होणार, तिथे आज चालू स्थितीत विमानं किती आणि विद्यार्थी किती, गेल्या दोन वर्षांत किती जणांना सीपीएल मिळालं आणि त्यांना सुरुवातीपासून किती महिने लागले, क्लास वन होण्याआधी भरलेले पैसे परत मिळतील का. लेखी उत्तर आलं तर पुढे बोला. महिनाअखेरची मुदत असली तरी जागा संपत नाहीत, पुढच्या महिन्यातही त्याच असतात. दरम्यान या आठवड्यात रंगांची चाचणी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर मुलीचं खातं उघडा आणि क्लास टूसाठी यादीतल्या डॉक्टरांची वेळ घ्या. क्लास टूचा निकाल पोर्टलवर आला की त्याच दिवशी क्लास वनच्या तारखेसाठी अर्ज करा.